ठिपके गेले, परजीवी टाकीतच

नवी मुंबईतील ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो यांच्या सहकार्याने सागरी शोभिवंत माशांचे बीजोत्पादन केंद्र उभे राहिले आणि क्लाऊनफिशचे संगोपन पूरक व्यवसायाच्या कक्षेत आले. क्षारमिश्रणापासून खारे पाणी तयार करता येत असल्याने भिलाईजवळील रसमड्यासारख्या, समुद्रापासून दूरच्या ठिकाणीही हे मासे ठेवता येतात. मात्र नव्या माशासोबत आलेला ‘क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स’ हा परजीवी संपूर्ण टाकी रिकामी करू शकतो.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, अंग घासणे व जलद श्वसन ही त्याची लक्षणे होत. ३ ते ७ दिवसांत ठिपके नाहीसे होतात आणि मासा बरा झाल्याचा भ्रम होतो. प्रत्यक्षात परजीवी माशाला सोडून तळाशी कोश करतो. त्यातून बाहेर पडणारे शेकडो सूक्ष्मजीव पुन्हा माशांना ग्रासतात. औषध प्रभावी ठरते ते केवळ या मुक्त संचारी अवस्थेवर.

म्हणून ठिपके जाताच उपचार थांबवू नयेत. सर्व मासे स्वतंत्र टाकीत हलवावेत. मोरचूद वापरल्यास पाण्यातील मुक्त तांबे प्रतिलिटर ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम राखून, रोज तपासणी करत ३ ते ६ आठवडे उपचार चालू ठेवावेत. तांबे प्रवाळ व कोळंबीस घातक असल्याने ते मूळ टाकीत कधीही घालू नये. मूळ टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी, म्हणजे उरलेल्या परजीवींची उपासमार होते.

नवा मासा किमान ४ आठवडे विलगीकरणात ठेवणे, हाच सर्वांत स्वस्त उपाय होय.