परसातले राखणदार

कुडाळकडे आमच्या वाडीत कोंबड्या पाळणाऱ्या बायका भेटल्या की बोलणं हमखास मुंगसावर येतं. कुणाची तलंग गेली, कुणाची रवणीतली अंडी गेली. दिवसा मुंगूस आणि घार, रात्री कोल्हा आणि रानमांजर. मग कुणीतरी फास लावायचं, नाहीतर विष घालायचं सुचवतं. मला ते मुळीच पटत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहेच. शिवाय मेलेल्या मुंगसाची जागा दुसरं घेतं. त्यापेक्षा राखणीची सोय करावी.

पहिला राखणदार कोंबडाच. आभाळात घार दिसली की तो बारीक, लांबट सूर काढतो आणि कोंबड्या क्षणात करवंदीच्या जाळीत शिरतात. मुंगूस दिसलं तर तोच कोंबडा तुटक आवाजात कटकट लावतो. मग कोंबड्या लपत नाहीत, माना उंचावून बघत राहतात. संशोधकांनीही हे दोन इशारे वेगवेगळे असल्याचं दाखवून दिलंय. म्हणून मी वजनाचा कोंबडा विकते, सावध असतो तो ठेवते.

घारीला कोतवाल पुरून उरतो. जवळच्या झाडावर त्याचं घरटं असलं की तो एवढासा काळा पक्षी तिच्या पाठीवर झडप घालत तिला पार वाडीबाहेर घालवतो. त्या दिवसांत मी त्या झाडाची फांदी तोडू देत नाही.

गिनी कोंबड्या लढत नाहीत, पण साप दिसला की असा कालवा करतात की शेजारीसुद्धा बाहेर येतात. त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली उबवता येतात, फक्त तिच्या अंड्यांत मिसळू नयेत. तिची २१ दिवसांत फुटतात, यांना २६ ते २८ लागतात.

कोल्ह्यापुढे मात्र कुत्राच हवा, आणि तो कोंबड्यांतच वाढलेला हवा. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू आणून खुराड्याशेजारी जाळीपलीकडे ठेवावं. कोंबड्यांचा वास, फडफड, पिल्लांची चिवचिव त्याच्या अंगवळणी पडली पाहिजे. खरा धोका पुढे असतो. सहा महिन्यांचा कुत्रा खेळता खेळता कोंबडी मारतो. म्हणून दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत त्याला एकट्याला त्यांच्यात सोडू नये. इटलीच्या मरेमा जातीचे कुत्रे पिढ्यानपिढ्या मेंढ्या राखतात. ऑस्ट्रेलियात वॉर्नांबूलजवळच्या एका बेटावर ओहोटीला कोल्हे चालत जाऊन पेंग्विन मारत. पेंग्विन दहाच्याही खाली आले, तेव्हा २००६मध्ये तिथे मरेमा ठेवला. कल्पना एका कोंबडीपालकाची. त्याच्या कोंबड्या हेच कुत्रे राखत. पुढे पेंग्विनांची संख्या शंभरावर गेली. आपल्याकडे तेवढी जात शोधायची गरज नाही. शांत आईचं गावठी पिल्लू घ्यावं आणि रेबीजची लस चुकवू नये.

बिबट्याचा वावर असलेल्या गावात या कुत्र्याला रात्री अंगणात साखळीला बांधणं म्हणजे त्याचा बळी देणं. दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात जाव्यात आणि कुत्रा दार लावलेल्या पडवीत. तिथून तो भुंकला की आपण उठून बॅटरी मारायची. खुराड्याच्या तळाशी मात्र जांभ्याचे चिरे बसवावेत, कारण मुंगूस माती उकरून आत येतं.