दुकानात मिळतो, घरात जन्मत नाही

अमेरिकेतल्या समुद्रकिनारी पर्यटनस्थळांवर भेटवस्तूंच्या दुकानांत तारेच्या पिंजऱ्यातून रंगीबेरंगी शंख चालताना दिसतात. आत असतो हर्मिट क्रॅब, म्हणजे शंखातला खेकडा. कोकणात ओहोटीच्या वेळी तुरुतुरु पळणारे शंख पाहिले असतील, ते याचेच भाऊबंद. पण ते बहुतेक समुद्रात राहणारे, तर हा जमिनीवर राहणारा. शास्त्रीय नाव सीनोबिटा क्लायपिएटस. स्वस्तात मिळणाऱ्या या प्राण्याची कुठेतरी पैदास होत असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात दुकानांत येणारे जवळजवळ सगळे खेकडे कॅरिबियन किनाऱ्यांवरून पकडून आणलेले असतात.

अडचण आहे ती त्यांच्या बालपणात. प्रौढ खेकडा समुद्रात बुडून मरेल, पण त्याच्या पिल्लांना जन्मायला समुद्रच लागतो. मीलनासाठी नर-मादी दोघेही शंखातून अर्धवट बाहेर येतात. त्यानंतर मादी हजारो अंडी पोटाला चिकटवून शंखात वागवते. विटकरी रंगाची अंडी हळूहळू राखाडी होत जातात. मग ती किनाऱ्यावर येऊन अंडी ओल्या खडकांवर किंवा लाटेत सोडते. खाऱ्या पाण्याचा स्पर्श होताच ती फुटतात आणि बाहेर पडतात झोइया नावाच्या, खेकड्याशी काहीच साम्य नसलेल्या तरंगत्या अळ्या. अनेकदा कात टाकून त्या मेगालोपा होतात. हा मेगालोपा तांदळाच्या दाण्याएवढा शंख शोधतो, तो पाठीवर घेतो आणि जमिनीकडे निघतो.

घरात हे सगळे घडवायचे म्हणजे उबदार खारे पाणी हवे, आणि तेही सतत हलते. अळ्या तळाशी बसल्या की संपल्या. खाद्य म्हणून आर्टेमिया या सूक्ष्म कोळंबीसदृश जीवाची नुकतीच जन्मलेली पिल्ले रोज तयार ठेवावी लागतात. भूक लागली की अळ्या एकमेकींनाच खातात. पाणी जरा बिघडले की रात्रीत सगळा कारभार आटोपतो. एवढे करून मेगालोपा अवस्था गाठलीच, तरी पाण्यातून वाळूवर चढायला उतार आणि इवलेसे शंख हवेतच.

हे अशक्य मात्र नाही. अँथनी प्रोव्हेन्झानो यांनी या जातीच्या अळ्या प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्या अवस्थांचे वर्णन 1962 मध्ये प्रसिद्ध केले होते. गेल्या दशकात अमेरिकेतल्या काही हौशी पाळणाऱ्यांनीही घरच्या टाक्यांत जन्मलेली पिल्ले जमिनीवर आणून दाखवली. पण इतक्या खटाटोपाने वाढवलेले पिल्लू किनाऱ्यावरून फुकट वेचलेल्या खेकड्याशी किमतीत कसे टिकणार? व्यापाऱ्याला पैदाशीची गरजच वाटत नाही, हे खरे दुखणे.

शिवाय पैदाशीसाठी आधी प्रौढ खेकडे जगायला हवेत. हा प्राणी 30 वर्षांहून अधिक जगू शकतो, पण घरोघरी तो बरेचदा काही महिन्यांतच मरतो. त्याचे कल्ले ओलसर हवेतच काम करतात. कोरड्या पिंजऱ्यात तो हळूहळू गुदमरतो. कात टाकण्यासाठी तो ओल्या वाळूत स्वतःला कित्येक आठवडे गाडून घेतो. नेमके तेव्हाच ‘मेला वाटतं’ म्हणून त्याला उकरून काढले जाते, आणि नव्या, मऊ कवचाचा तो जीव खरोखरच मरतो.