डबा शोधताना : शेवटचे दहा मीटर

जंगलात एक डबा लपवला आहे आणि आपल्याजवळ फक्त त्या जागेचे अक्षांश-रेखांश आहेत. डबा सापडेल का? अमेरिकेतील ओरेगन राज्यात, बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर यांनी वस्तूंनी भरलेली एक काळी बादली ठेवली आणि जागा इंटरनेटवर जाहीर केली : ४५ अंश १७.४६० मिनिटे उत्तर, १२२ अंश २४.८०० मिनिटे पश्चिम. तीन दिवसांच्या आत ती सापडली! हीच ‘जिओकॅशिंग’ या खेळाची सुरुवात.

हा खेळ तेव्हाच का सुरू झाला? जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवतात. संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेवरून आपल्या हातातले यंत्र उपग्रहांची अंतरे काढते आणि त्यांवरून आपली जागा ठरवते. पूर्वी अमेरिकन सरकार नागरी वापराच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे जागा सुमारे १०० मीटरपर्यंत चुके. २ मे २००० रोजी हे बंद झाले. १०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३१,४०० चौरस मीटर, तर १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे फक्त ३१४. शोधायची जागा शंभरपटीने आक्रसली!

आता उल्मर यांचे आकडे पुन्हा पाहू. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १,८५० मीटर. म्हणजे दशांश चिन्हानंतरचा तिसरा अंक दोन मीटरांहूनही कमी अंतर दाखवतो. मग यंत्र तितके अचूक असते का? नाही. आकडा बारीक असणे वेगळे आणि बरोबर असणे वेगळे. उघड्या आकाशाखाली साध्या मोबाइलची चूक साधारण पाच मीटर असते. दाट झाडीत ती वाढते. पानांतील पाणी संदेश क्षीण करते आणि काही संदेश खोडांवरून परावर्तित होऊन वळशाने येतात. वळसा तीन मीटरांचा असेल, तर उशीर होतो सेकंदाच्या फक्त दहा कोटीव्या भागाचा; पण यंत्राला उपग्रह तेवढाच दूर वाटतो.

म्हणून शेवटचे काही मीटर डोळ्यांनीच शोधावे लागतात, आणि खरा प्रश्न इथेच उभा राहतो. चुकीची त्रिज्या पाचावरून दहा मीटर झाली, की शोधाचे क्षेत्र चौपट होते. एकामागून एक येणारे शोधक तेवढ्या भागातील रोपे तुडवतात, दगड-ओंडके उलथतात. त्यांखाली राहणारे किडे आणि बेडूक उघडे पडतात. माती दाबली जाऊन पाणी कमी मुरते. यंत्राच्या चुकीची किंमत जंगल मोजते.

यावर उपाय साधे आहेत. डबा परवानगी घेऊन पायवाटेलगत ठेवावा, पुरू नये आणि आकड्यांसोबत ठळक खूण सांगावी. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्थकॅश’ प्रकारात तर डबाच नसतो. दिलेल्या जागी जाऊन तिथल्या खडकांचे, भूरूपांचे निरीक्षण करायचे आणि प्रश्नांची उत्तरे द्यायची.

शाळेत एक प्रयोग करून पाहू या. मैदानातील एका ठरलेल्या खुणेवर वेगवेगळ्या वेळी मोबाइलवरून दहा वेळा अक्षांश-रेखांश नोंदवा. मग दाट झाडाखाली तसेच करा. दोन्ही ठिकाणचे बिंदू आलेखाच्या कागदावर मांडा. कोणते बिंदू जास्त पांगले? आणि तेवढ्या जागेत किती रोपटी उगवली आहेत, तेही मोजा.