डेट्रॉइट कुणाला निवडतं?

1998 सालच्या जूनमध्ये बफेलो शहरात नॅशनल हॉकी लीगचा वार्षिक ड्राफ्ट भरला होता. 170 मुलांची नावं पुकारून झाल्यावर डेट्रॉइट रेड विंग्जने एक नाव दिलं: पावेल दात्स्यूक. रशियातल्या येकातेरिनबर्गचा हा मुलगा अंगापिंडाने किरकोळ होता. आधीच्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणी विचारलंही नव्हतं. डेट्रॉइटचा युरोपातला स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, हाकान अँडरसन रशियात एक सामना पाहायला गेला होता तो दिमित्री कालिनिन या बचावपटूसाठी. कालिनिनवर नजर ठेवता ठेवता समोरच्या संघातला एक बुटकासा पोरगा पुन्हापुन्हा पक (खेळायची रबरी चकती) घेऊन निसटतोय, हे त्याच्या लक्षात आलं. कालिनिन त्या वर्षी 18व्या क्रमांकावर बफेलोकडे गेला. दात्स्यूक 171वा. पुढे त्याने डेट्रॉइटकडून दोनदा लीगचं विजेतेपद, म्हणजे स्टॅन्ली कप, जिंकला आणि उत्तम बचाव करणाऱ्या आघाडीपटूचा सेल्की करंडक सलग तीन वर्षं घरी नेला.

ही गोष्ट हॉकीच्या जगात दंतकथेसारखी सांगितली जाते, आणि ती सांगताना एक बाब बहुतेकदा गाळली जाते. त्या ड्राफ्टमध्ये दात्स्यूकच्या आधी डेट्रॉइटनेही स्वतःच्या वाट्याची अनेक नावं वापरली होती, त्यातलं पहिलं होतं झेक बचावपटू यिरी फिशरचं. म्हणजे ज्याला त्यांनी हेरलं होतं, त्यालाही त्यांनी मागेच ठेवलं. मला हा संघ अभ्यासण्याजोगा वाटतो तो याचमुळे. डेट्रॉइटला दिव्यदृष्टी होती असं मी मानत नाही. वाट पाहण्याची ऐपत मात्र होती, आणि ती कमीजास्त होत गेली तशी त्यांची निवडीची आवड बदलत गेली.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मेजर ध्यानचंद किंवा खडकीचा धनराज पिल्ले डोळ्यांपुढे येतो. ही हॉकी वेगळी, बर्फावरची. निवडीची पद्धतही आयपीएलच्या लिलावापेक्षा अगदी निराळी. इथे बोली लागत नाही. साधारण 18 वर्षांच्या मुलांवर संघ पाळीपाळीने हक्क सांगतात, आणि आदल्या मोसमात जो तळाला गेला त्याची पाळी आधी यावी, असा मूळ नियम. 1995पासून त्यात वरच्या क्रमांकांसाठी सोडतही आली. एकदा नाव घेतलं की त्या मुलाचा हक्क त्या संघाकडे. मोहोर बघून आंब्याची अख्खी बाग करारावर घेणाऱ्या कोकणातल्या व्यापाऱ्यासारखा हा व्यवहार आहे. फळ किती धरेल आणि किती गळेल, हे सही करताना कुणालाच ठाऊक नसतं. अठराव्या वर्षी मुलाची उंची दिसते, वेग दिसतो. पंचविशीत तो कसा खेळेल, हा अंदाज.

रेड विंग्जचे दिवस पालटण्याची सुरुवात 1982मध्ये झाली. पिझ्झाच्या धंद्यात पैसा केलेल्या माइक इलिच यांनी हा डबघाईला आलेला संघ विकत घेतला आणि जिम डेव्हेलानो यांना व्यवस्थापक नेमलं. 1983च्या ड्राफ्टमध्ये त्यांना हवा होता पॅट लाफाँटेन, डेट्रॉइटच्याच परिसरात वाढलेला. घरचा मुलगा आला की रिकाम्या खुर्च्या भरतील, हा हिशोब त्यामागे होता. पण तिसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क आयलंडर्सनी त्याला उचललं आणि चौथ्या क्रमांकावर डेट्रॉइटच्या हाती स्टीव्ह आयझरमन लागला. तो पुढे वीस वर्षं कप्तान राहिला. मनाजोगी निवड हुकल्यानेच संघाचं भाग्य उघडलं, हे त्यांच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

त्याच ड्राफ्टमधली बाकीची नावं पाहिली की त्या काळची आवड कळते. बॉब प्रोबर्ट आणि जो कोसर हे दोघे त्याच वर्षी घेतलेले. दोघांची ओळख मुख्यतः मुठींमुळे. ऐंशीच्या दशकात मार देणारे, मार खाणारे गडी प्रत्येक संघाला लागत, आणि डेट्रॉइटने ते मुद्दाम शोधले. पण त्याच यादीत पाचव्या फेरीत पेत्र क्लिमा हे झेक नावही आहे. तो लोखंडी पडद्यापलीकडचा, म्हणजे सहजी येणारा नाही. 1985मध्ये संघाच्या माणसांनी पश्चिम जर्मनीतून त्याला पळवून आणलं. 1989मध्ये जे घडलं त्याची बीजं या एका नावात होती.

1989चा ड्राफ्ट मिनेसोटातल्या ब्लूमिंग्टनला झाला. मला विचाराल तर एका संघाने एका दिवसात केलेली इतकी चांगली कमाई हॉकीत दुसरी नाही. पहिल्या फेरीत त्यांनी रीतसर कॅनडाचा माइक सिलिंजर घेतला, 11वा. तो वाईट खेळाडू नव्हता. पुढे बारा वेगवेगळ्या संघांकडून खेळला. पण खरा माल खाली होता. तिसऱ्या फेरीत 53वा निकलस लिडस्ट्रॉम, स्वीडनच्या वेस्टेरोसचा. चौथ्या फेरीत 74वा सर्गेई फेदोरोव. अकराव्या फेरीत 221वा व्लादिमीर कॉन्स्तान्तिनोव.

फेदोरोव खालच्या फेरीचा खेळाडू आहे असं तेव्हाही कुणी मानत नव्हतं. प्रश्न एवढाच होता की तो सोव्हिएत सैन्याच्या संघात होता, आणि तिथून माणूस सहसा बाहेर येत नसे. इतर संघ विचार करत: न येणाऱ्या माणसावर एक नाव का वाया घालवायचं? डेट्रॉइटने हिशोब उलटा मांडला. चौथ्या फेरीत मिळणारी बहुतेक मुलं तशीही कधी लीगमध्ये पोहोचत नाहीत, मग जगातला एक उत्तम खेळाडू येण्याची थोडीशी शक्यता विकत घेतलेली काय वाईट?

ती शक्यता खरी करण्यासाठी त्यांनी जे केलं, ते हेरगिरीच्या कादंबरीत शोभावं असं आहे. 1989च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघ सामन्यासाठी हेलसिंकीला आला. डेट्रॉइटमधला एक क्रीडापत्रकार, कीथ गेव्ह, याला रशियन भाषा येत असे. संघाच्या विनंतीवरून तो तिथे गेला, आणि संघाची माहितीपुस्तिका भेट म्हणून दोन खेळाडूंच्या हाती ठेवली. त्या पुस्तिकांमध्ये पत्रं होती: या, आम्ही मदत करू. पुढच्या वर्षी गुडविल गेम्ससाठी अमेरिकेत आलेला फेदोरोव पोर्टलंडमधून सोव्हिएत संघ सोडून डेट्रॉइटच्या विमानात बसला. कॉन्स्तान्तिनोवची सैन्यातून सुटका व्हावी म्हणून डॉक्टरांना पैसे चारून गंभीर आजाराचं खोटं निदान मिळवलं गेलं. इलिचचा पैसा आणि त्याच्या माणसांची हिंमत नसती, तर 221वं नाव कागदावरच राहिलं असतं. स्काउटच्या नजरेइतकंच मोल या खटपटीला आहे, असं मला ठामपणे वाटतं.

1990च्या ड्राफ्टमध्ये व्याचेस्लाव कोझलोव निवडला गेला, नंतर फेतिसोव आणि लारिओनोव हे बुजुर्ग इतर संघांकडून आणले गेले, आणि ऑक्टोबर 1995मध्ये कॅल्गरीच्या बर्फावर प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांनी पाच रशियनांना एकत्र उतरवलं. मार देण्याघेण्याची सवय असलेल्या प्रेक्षकांनी पक स्वतःकडे राखून ठेवणारी हॉकी पाहिली. 1997मध्ये डेट्रॉइटने 42 वर्षांनी कप जिंकला. सहाच दिवसांनी लिमोझिनच्या अपघातात कॉन्स्तान्तिनोवला मेंदूची दुखापत झाली आणि तो पुन्हा कधी खेळला नाही.

इथून पुढे आवडीचं नवं पर्व. सोव्हिएत संघ राहिला नव्हता, रशियन खेळाडू सगळ्यांनाच मिळू लागले होते, आणि डेट्रॉइट आता जिंकणारा संघ होता. जिंकणाऱ्याची पाळी शेवटी येते. शिवाय व्यवस्थापक केन हॉलंड आणि मंडळी पहिल्या फेरीचे हक्क सरळ बाजारात नेत आणि त्या बदल्यात अनुभवी माणसं आणत. 1999च्या मार्चमध्ये ख्रिस चेलियोससाठी पहिल्या फेरीचे दोन हक्क गेले. 1999च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या तीन फेऱ्यांत डेट्रॉइटने एकही नाव घेतलं नाही. 2001 ते 2004 अशी सलग चार वर्षं पहिल्या फेरीत त्यांची खुर्ची गप्प होती. 2004चा त्यांचा हक्क वॉशिंग्टनकडे गेला, त्यातून माइक ग्रीन घडला.

एवढं सगळं विकूनही चाललं, कारण तळाला अँडरसन होता. स्काउट होण्याआधी हा माणूस स्वीडनमध्ये मासेमारीचा वाटाड्या होता. 1990पासून तो डेट्रॉइटसाठी युरोपातले बर्फाचे आखाडे पालथे घालू लागला. 1994मध्ये 257वा तोमास होल्मस्ट्रॉम त्याचा. स्केटिंग बेताचं, पण गोलजाळीसमोर उभा राहिला की तिथून हलणार नाही. त्याच्या नावावर चार कप आहेत. 1999मध्ये फिनलंडमधल्या एका स्पर्धेत अँडरसन संघातला सहकारी जिम निल याच्यासोबत मातियास वाइनहांडल या खेळाडूला पाहत होता, आणि लक्ष गेलं त्याच्या शेजारच्या छोट्या हेन्रिक झेटरबर्गकडे. 210वा क्रमांक. 2008च्या कपमधला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

अँडरसन चणीकडे काणाडोळा करत असे आणि पकवरची बुद्धी बघत असे, एवढं म्हणून थांबणं मला पुरेसं वाटत नाही. झेटरबर्ग निवडीनंतर तीन वर्षं स्वीडनमध्येच खेळला. दात्स्यूकही तीन वर्षांनी आला. वरच्या संघात आयझरमन, फेदोरोव, लिडस्ट्रॉम उभे असल्यावर पोरांना घाईने उतरवायची गरज नव्हती. सावकाश पिकणारी मुलं निवडायची, ती पिकेपर्यंत थांबायचं, आणि थांबता यावं म्हणून वर पैसे ओतून जिंकत राहायचं, असं हे एकात एक गुंतलेलं यंत्र होतं. त्यावर रेड विंग्ज सलग 25 मोसम बाद फेरीत गेले, 2016पर्यंत.

मग एकेक चाक निखळलं. 2005मध्ये लीगने पगारावर कमाल मर्यादा आणली, त्या मोसमात प्रत्येक संघाला 39 दशलक्ष डॉलर. त्याआधी खेळल्या गेलेल्या शेवटच्या मोसमात डेट्रॉइटचा खर्च याच्या जवळपास दुप्पट होता. ड्राफ्टच्या फेऱ्याही नवावरून सातवर आल्या. झेटरबर्गचा क्रमांक आजच्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या दहापंधरांत पडेल. आणि स्वीडनच्या दुसऱ्या श्रेणीच्या सामन्यांनाही आता इतर संघांचे स्काउट जाऊन बसू लागले. यशाची नक्कल होतेच, आणि झाली. उशिराच्या फेऱ्यांतून अजूनही माणसं मिळत होती, गुस्ताव नुकविस्ट 121वा होता. पण नवा लिडस्ट्रॉम आला नाही.

2016मध्ये दात्स्यूकने रशियाला परतायचं ठरवलं. त्याचा करार हिशोबात अडकून राहू नये म्हणून डेट्रॉइटला तो ॲरिझोनाच्या गळ्यात घालावा लागला आणि त्यापायी पहिल्या फेरीत 16वरून 20वर उतरावं लागलं. ॲरिझोनाने 16व्या क्रमांकावर घेतलेला जेकब चिक्रन आज नावाजलेला बचावपटू आहे.

हरणारा संघ वेगळं निवडतो. 2017मध्ये 26 वर्षांनी पहिल्यांदा पहिल्या दहांत पाळी आली, आणि डेट्रॉइटने 9व्या क्रमांकावर घेतला मायकेल रासमुसेन: सहा फूट सहा इंच, गोलजाळीपुढे भिंत. अवघ्या चार नावांनंतर निक सुझुकी होता, आजचा माँट्रियलचा कप्तान. चणीला न भुलणारा संघ इथे चणीला भुलला, असं मला वाटतं. 2018मध्ये 6व्या क्रमांकावर फिलिप झादिना, वरच्या यादीतून घसरत आलेला, म्हणून सगळ्यांना लॉटरी वाटलेला. पुढचंच नाव क्विन ह्यूजचं होतं. ह्यूजने लीगचा सर्वोत्तम बचावपटू म्हणून नॉरिस करंडक घेतला. झादिना 2023मध्ये संघ सोडून गेला. आतडं तुटावं अशी ही दोन वर्षं.

एप्रिल 2019मध्ये आयझरमन व्यवस्थापक म्हणून परतला. हौशी खेळाडूंच्या निवडीची सूत्रं त्याने पुढे क्रिस ड्रेपरकडे दिली. हा ड्रेपर 1993मध्ये विनिपेगकडून एका डॉलरला आलेला, आणि चार कप जिंकलेला. 2019च्याच जूनमध्ये व्हँकूव्हरच्या सभागृहात डेट्रॉइटने 6व्या क्रमांकावर मॉरित्झ झायडर हे नाव पुकारलं आणि कॅमेरा त्या जर्मन मुलाकडे वळला. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. इतक्या वर आपलं नाव येईल हे त्याच्याही ध्यानीमनी नव्हतं. मानहाइमच्या संघातून पूर्ण वाढलेल्या पुरुषांविरुद्ध तो तेव्हाच खेळत होता. 2022मध्ये लीगचा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला.

त्यानंतर एक साचा दिसू लागतो. 2020मध्ये, 71पैकी फक्त 17 सामने जिंकून तळाला गेल्यावरही सोडतीने 4था क्रमांक दिला, आणि स्वीडनचा लुकास रेमंड आला. 2021मध्ये सिमोन एडविन्सन, पुन्हा स्वीडन. 2022मध्ये ऑस्ट्रियाचा मार्को कास्पर, तोही स्वीडिश लीगमधून. 2023मध्ये आक्सेल सांदिन पेलिका. 2024मध्ये 15वा मिकाएल ब्रांडसेग-नीगोर, पहिल्या फेरीत निवडला गेलेला पहिला नॉर्वेजियन. अँडरसन अजून आहेच. म्हणून हा जुन्याच वाटेने झालेला प्रवास वाटतो, पण तसा तो नाही. तेव्हा युरोप स्वस्त होता, कुणी न पाहिलेला. संघ तळाच्या फेरीत जुगार खेळत होता. आता पहिल्या फेरीची भारी किंमत मोजून युरोप घेतला जातो. मोठ्यांच्या लीगमध्ये कसाला लागलेली मुलं घेऊन जुगाराचा अंश कमी करावा, यासाठी. 1998मध्ये जोखीम हवी होती, 2019नंतर ती टाळायची आहे. 2025मध्ये 13व्या क्रमांकावर आलेला कार्टर बेअर कॅनडाच्या ज्युनियर हॉकीतला, म्हणजे हा नियमही लोखंडी नाही.

या सावधगिरीतून झायडर आणि रेमंड मिळाले, ते मोठे आहेत. पण 2017 ते 2025 या नऊही मोसमांत डेट्रॉइट बाद फेरीत पोहोचलं नाही, आणि नऊ वर्षं हरलेल्या गावाला थांबा म्हणणं सोपं नसतं. तरीही 2021च्या पहिल्या फेरीत घेतलेल्या सेबॅस्टियन कोसा या गोलरक्षकाला आयझरमनने पुढची अनेक वर्षं मुख्यतः खालच्या संघांतच घडवत ठेवलं. झेटरबर्गला स्वीडनमध्ये ठेवलं होतं, तसं. तेव्हा वर लिडस्ट्रॉम होता. आता कुणी नाही, तरी आयझरमन थांबला, आणि या एका बाबतीत मी पूर्णपणे त्याच्या बाजूने आहे.