डेन्व्हरची दोन आरोग्यधामं

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतले क्षयरोगी डेन्व्हरची वाट धरू लागले. कॉख यांना १८८२ मध्ये क्षयाचा जंतू सापडला होता, औषध मात्र आणखी साठेक वर्षं सापडायचं नव्हतं. तोवर कोरडी हवा, ऊन, विश्रांती आणि दूध-अंडी, एवढीच डॉक्टरांची पोतडी. ५,२८० फुटांवरच्या या शहरात हवा फुकट होती. पण आगगाडीच्या भाड्यातच पैसे संपलेल्याला खोली कोण देणार? असे रोगी रस्त्यात कोसळत आणि शहर काणाडोळा करी.

फ्रान्सिस वाइजबार्ट जेकब्स यांना ते बघवेना. त्यांनी गावातल्या ज्यू समाजाला रुग्णालय बांधायला भाग पाडलं. १८९२च्या ऑक्टोबरात कोनशिला बसली आणि पुढच्याच महिन्यात त्या वारल्या. इमारत झाली, तोच १८९३ मध्ये चांदीचा भाव गडगडला. कोलोरॅडोचं सगळं वैभव चांदीवर उभं. वास्तू सहा वर्षं ओस पडली. अखेर बनै ब्रिथ या ज्यू संघटनेनं भार उचलला आणि डिसेंबर १८९९ मध्ये 'नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल' सुरू झालं. ज्याला पैसे देता येतात त्यानं येऊ नये, जो आत आला त्याच्याकडून पैसे घेऊ नयेत, असं त्याचं ब्रीद. धर्माची अट नव्हती. पहिली रुग्ण मिनेसोटाहून आलेली स्वीडिश बाई होती.

अट होती ती निराळीच. आजार सुरुवातीचा हवा, आणि मुक्काम सहा महिन्यांचा. खाटा मोजक्या असताना बरं होण्याजोग्यालाच आधी घ्यावं, हा हिशेब मला चुकीचा म्हणवत नाही. पण कोंदट कारखान्यात शिवणयंत्रावर छाती झिजवून, रोग बळावल्यावर आलेल्या रशियन ज्यू शिंप्यानं जायचं कुठं? शिवाय रुग्णालयाचा स्वयंपाक कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियमांना धरून, नव्हता. चालवणारे जर्मन वळणाचे, स्थिरावलेले, सुधारक ज्यू. दारात उभे राहणारे पूर्व युरोपातले, यिद्दिश बोलणारे, सोवळं पाळणारे. जात एकच, पंगत वेगळी.

१९०४ मध्ये याच नव्या लोकांनी, त्यातही बऱ्याच कामगारांनी, 'ज्यूइश कन्झम्प्टिव्ज रिलीफ सोसायटी' काढली. अध्यक्ष डॉ. फिलिप हिल्कोविट्झ, सचिव डॉ. चार्ल्स स्पिव्हाक. स्पिव्हाक स्वतः झारच्या रशियातून निसटून आलेले. शहराबाहेर वेस्ट कोलफॅक्स रस्त्यावर तंबू ठोकले आणि रोग कुठल्याही टप्प्यावर असो, रोग्याला आत घेतलं. उघड्या हवेत झोपणं हाच उपचार, त्यामुळे तंबू ही नुसती गरिबी नव्हती. स्वयंपाक कोशेर. पैसा बड्या देणगीदारांपेक्षा देशभरातल्या छोट्या वर्गण्यांतून यायचा, त्यामुळे देणारेही बहुतेक घेणाऱ्यांसारखेच. संस्थेचं मासिकही होतं. १९३०च्या दशकात यिद्दिश कवी एच. लाइविक इथे रुग्ण होते, आणि या मुक्कामातून त्यांच्या कविता निघाल्या.

स्पिव्हाक १९२७ मध्ये गेले, तोवर सचिवपद त्यांच्याकडेच होतं. देह विच्छेदनासाठी द्यावा आणि सांगाडा जेरुसलेमच्या विद्यापीठाला पाठवावा, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. परंपरानिष्ठ रुग्णांसाठी कोशेर स्वयंपाकाचा आग्रह धरणाऱ्या संस्थेच्या या सचिवाची स्वतःच्या देहापुरती श्रद्धा विज्ञानावर होती.

स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यामागोमाग आलेल्या औषधांनी आरोग्यधामांची गरजच संपवली. १९५४ मध्ये सोसायटीनं क्षय सोडून कर्करोगाकडे मोर्चा वळवला. तिच्या आवारात पुढे कला महाविद्यालय आलं. जुनं रुग्णालय श्वसनविकारांसाठी आजही नावाजलेलं आहे. तिथे आता बिल येतं.