लग्नांत सारखेपणा कोणता हवा?

घरांत मुलगा किंवा मुलगी लग्नाची झाली कीं, वडील मंडळींच्या तोंडीं एक शब्द वारंवार येऊं लागतो. तो म्हणजे ‘अनुरूप’. स्थळ अनुरूप पाहिजे, वर अनुरूप पाहिजे, घर अनुरूप पाहिजे. शब्द मोठा सुरेख आहे. परंतु त्याचा अर्थ काय, असें कोणी विचारलें तर एकाच घरांतील चार माणसें चार उत्तरें देतील. आजोबा कुळ व गोत्र सांगतील. वडील शिक्षण व मिळकत सांगतील. आई घरांतील रीतिरिवाज कसे आहेत हें पाहील. आणि जिचें लग्न व्हावयाचें ती मुलगी, तिला कोणी विचारलेंच तर, कदाचित् म्हणेल कीं, ज्याच्याशीं मोकळेपणानें बोलतां येईल असा कोणी असावा. उलटपक्षीं, ‘दोघेंही सारखींच तापट असलीं तर संसार कसा चालावयाचा? एक तापट तर दुसरें शांत हवें,’ असेंही आपण सहज बोलून जातों. तेव्हां माणूस आपल्यासारखाच जोडीदार निवडतो कीं आपल्याहून वेगळा, आणि त्यानें कोणता निवडावा, हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं; तो आपल्या माजघरांतला आहे.

आपल्या जुन्या पद्धतीनें या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत दिलेलें नाहीं, हें प्रथम लक्षांत घेतलें पाहिजे. जाति एक हवी, परंतु गोत्र व प्रवर एक नकोत. म्हणजे वर्तुळ लहान, पण त्या वर्तुळांतही अगदीं जवळचें माणूस वर्ज्य. सगोत्र विवाहावरील कायद्याची बंदी १९४६ सालीं उठली; मनांतील बंदी मात्र पुष्कळ घरांत अद्याप आहे. पत्रिकेच्या छत्तीस गुणांकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. गण एक असला तर त्याचे पूर्ण सहा गुण मिळतात. नाडी मात्र एक असली तर शून्य, आणि भिन्न असली तर आठ. ज्यांचा पत्रिकेवर विश्वास आहे त्यांनीं, आणि ज्यांचा नाहीं त्यांनींही, या मांडणीमागील विचार ध्यानांत घ्यावा. कांहीं बाबतींत साम्य हवें व कांहीं बाबतींत भेद हवा, एवढें आपल्या पूर्वजांनीं मानलें होतें. वाद उरतो तो साम्य कशांत पाहावें याचा.

पाश्चात्य देशांत या विषयाचा मोजमापानें अभ्यास सुरू होऊन शंभराहून अधिक वर्षें झालीं. इंग्लंडांत कार्ल पिअर्सन व ॲलिस ली यांनीं १९०३ सालीं सुमारें हजार दांपत्यांच्या उंचीचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांत उंच पुरुषांच्या बायकाही सरासरीनें उंच असतात, असें आढळलें. तेव्हांपासून झालेल्या संशोधनांतून बावीस गुणांविषयींचे १९९ अभ्यास निवडून अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२३ सालीं त्यांचा एकत्र विचार केला. निष्कर्ष स्पष्ट निघाला. भिन्न प्रकृतीचीं माणसें एकमेकांकडे ओढलीं जातात या समजुतीस म्हणण्यासारखा आधार मिळाला नाहीं. बहुतेक गुणांत पतिपत्नी थोडींफार सारखींच निघालीं. परंतु हा सारखेपणा सर्वत्र एकसारखा नव्हता. राजकीय व धार्मिक मतें, शिक्षण आणि व्यसनांच्या संवयी यांत तो बराच होता. उंचीसारख्या शारीरिक बाबतींत कमी होता. आणि माणूस बोलका आहे कीं अबोल, या स्वभावांत तो जवळजवळ नव्हताच. म्हणजे स्वभावाचे रंग कसेही जुळतात. आयुष्याकडे पाहण्याची दृष्टि मात्र बहुधा एक असते.

यावर कोणी म्हणेल कीं, हें साम्य लोक निवडून घेतात. तें अर्धेंच खरें आहे. जेम्स बोसार्ड या समाजशास्त्रज्ञानें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांतील १९३१ सालचे पांच हजार विवाह-परवाने तपासले. त्यांतील सुमारें एक-तृतीयांश वधूवरांच्या घरांमध्यें पांच गल्ल्यांहून अधिक अंतर नव्हतें! प्रेमविवाहाची मातब्बरी सांगणाऱ्या त्या देशांतही माणूस आपल्या आळीबाहेर फारसा गेला नव्हता. जो दृष्टीस पडतो त्यांतूनच निवड होते; आणि सारख्या मिळकतीचीं, सारख्या शिक्षणाचीं माणसेंच शेजारीं राहत असल्यामुळें निवड न करतांही साम्य पदरांत पडतें. आपल्याकडे ती आळी म्हणजे जाति. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणांत जातीबाहेरील विवाहांचें प्रमाण शेंकडा पांचांच्या आसपासच भरलें. अर्थात् उरलेल्या पंचाण्णवांनीं जातींतलाच जोडीदार विचारपूर्वक पसंत केला, असें कोणीं समजूं नये. त्यांच्यापुढें दुसरा कोणी आणलाच गेला नाहीं.

मग आळीच बदलली तर काय होतें? याचें उत्तर शोधावयास विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. आपल्या वर्धा जिल्ह्यांत तें सांपडतें. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून महात्मा गांधी १९३४ सालीं वर्ध्यास आले, आणि १९३६ सालीं जवळच्या शेगांव या खेड्यांत राहावयास गेले. त्याच खेड्याचें पुढें सेवाग्राम झालें. तेथें तमिळ, बंगाली, आंध्र, गुजराती, महाराष्ट्रीय अशीं अनेक प्रांतांचीं व धर्मांचीं माणसें जमलीं. तीं एका जातीचीं नव्हतीं, एका भाषेचीं नव्हतीं. त्यांचें काम मात्र एक होतें.

त्यांतच एडवर्ड विल्यम्स आर्यनायकम् व आशादेवी हें दांपत्य होतें. आर्यनायकम् सिंहलद्वीपांतील तमिळ ख्रिस्ती. आशादेवी काशी हिंदु विश्वविद्यालयांतील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक फणिभूषण अधिकारी यांची बंगाली कन्या. देश, धर्म, मातृभाषा, जेवणखाण यांपैकीं एकही गोष्ट सारखी नाहीं. आपल्या रूढ कसोटीनें या स्थळाची चौकशीही कोणीं केली नसती. परंतु दोघेंही शांतिनिकेतनांत रवींद्रनाथांपाशीं शिक्षणाच्या कामांत होतीं, आणि मुलाला कसें शिकवावें याची तळमळ दोघांनाही सारखीच होती. १९३७ सालीं वर्ध्यास शिक्षण-परिषद भरून ‘नयी तालीम’ची कल्पना पुढें आली, आणि हिंदुस्थानी तालीमी संघाचें काम सेवाग्रामास या दोघांनीं मिळून वर्षानुवर्षें वाहिलें. बाहेरून पाहणारास हीं दोन अगदीं भिन्न माणसें. आंतून पाहिलें तर इतकें साम्य एका आळींतल्या दांपत्यांतही विरळा सांपडावें.

दुसरें उदाहरण याच्या उलट बाजूचें आहे. बाबा आमटे यांचा जन्म १९१४ सालीं वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें झाला. घर जहागीरदाराचें, शिक्षण वकिलीचें, आवड शिकारीची व सिनेमाची. नागपूरच्या घुले यांचें घर शास्त्र्यांचें व सोंवळ्याचें. त्या घरची कन्या इंदू बाबांहून सुमारें अकरा वर्षांनीं लहान. दोन्ही घरें ब्राह्मण, म्हणून जातीच्या दृष्टीनें हें स्थळ शोभण्यासारखें. परंतु १९४६ सालीं बाबा तिच्या दृष्टीस पडले तेव्हां त्यांनीं ऐश्वर्याकडे पाठ फिरविली होती आणि केंस व दाढी वाढवून संन्याशाची वाट धरली होती. घरांतील लग्नाच्या गडबडींत ही मुलगी सर्वांची नजर चुकवून एका वृद्ध मोलकरणीचें धुण्याचें काम हलकें करीत आहे, हें बाबांनीं पाहिलें. आणि हीच आपली सहचरी, असें त्यांच्या मनानें घेतलें. डिसेंबर १९४६ मध्यें विवाह झाला आणि इंदूच्या साधनाताई झाल्या. पुढें १९५१ सालीं वरोऱ्याजवळ आनंदवन उभें राहिलें तें सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर. दोन लहान मुलें साधनाताईंच्या कडेवर होतीं. त्या श्रद्धाळू, देवधर्म सांभाळणाऱ्या. बाबांचें मन कर्मकांडांत रमणारें नव्हे. हा भेद मिटविण्याची गरज दोघांनाही भासली नाहीं. बाबांनीं त्या लग्नघरीं जें पाहिलें तें गोत्र नव्हतें, रूप नव्हतें, स्वभावही नव्हता. दुसऱ्याचें ओझें पाहून हात आपोआप पुढें होतो कीं नाहीं, एवढेंच त्यांनीं पाहिलें.

तिसरें उदाहरण ज्यांना निवडीची संधीच मिळाली नाहीं त्यांचें आहे, आणि आपल्या आजीपणजींच्या पिढीशीं तें अधिक जवळचें आहे. जमनालाल बजाज व जानकीदेवी यांचा विवाह १९०२ सालीं झाला तेव्हां तीं दोघें लहान मुलें होतीं. जाति, संपत्ति, चालीरीति यांचें साम्य वडिलांनीं पाहिलें. ध्येयाचें साम्य त्या वयांत कोण पाहणार? पुढें जमनालाल गांधींच्या मार्गानें गेले. जानकीदेवींनीं सोन्याचे दागिने उतरविले, पडदा सोडला, विदेशी कापडाची होळी केली, खादी धरली. १९२८ सालीं जमनालालांनीं वर्ध्याचें आपलें लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांस खुलें केलें. पति १९४२ सालीं निवर्तले. त्यानंतरही जानकीदेवी गोसेवेंत व विनोबांच्या भूदानांत काम करीत राहिल्या, आणि १९५६ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें. सारखेपणा लग्नाआधीं नसला तरी लग्नानंतर घडवितां येतो, याचें हें उदाहरण म्हणून पुष्कळ जण सांगतील.

परंतु येथें क्षणभर थांबलें पाहिजे. सारखेपणा घडवितां येतो हें खरें. तो घडविण्याची मेहनत कोणाच्या वांट्यास येते? सोनें उतरविलें तें पत्नीनें. साधनाताईंनीं माहेरचें सोंवळें टाकून माळरानावर संसार मांडला. त्या दोघींनीं हें ओझें आपलें मानून उचललें आणि त्याचें तेज झालें, म्हणून आज आपण त्यांस वंदन करतों. पण आपल्या सामान्य घरांत काय होतें? नव्या सुनेनें स्वयंपाकाची चव बदलावी, बोलण्याची ढब बदलावी, सणवार बदलावे, प्रसंगीं नांवही बदलावें; आणि दोन वर्षांनीं आपण समाधानानें म्हणावें, ‘आतां अगदीं आपल्या घरची झाली.’ हें साम्य एकाच बाजूनें चालत आलेलें असतें. तें मनापासून आलें कीं निरुपायानें, हें विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाहीं. जेथें ध्येय आधींच एक होतें तेथें या बदलाची झळ लागली नाहीं. जेथें तें नव्हतें तेथें ती किती लागली, याचा हिशेब कोणत्याही घराच्या वह्यांत सांपडणार नाहीं.

सेवाग्रामांत आणखी एक गोष्ट घडली. आंध्रांतील निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा हे जन्मानें ब्राह्मण. त्यांची कन्या मनोरमा हिचा विवाह अस्पृश्य मानलेल्या जातींतील अर्जुनराव यांच्याशीं ठरला. गांधींनीं तो सेवाग्रामांत करण्याचें कबूल केलें, आणि वधूपित्याच्या मतास मान देऊन विधींत ‘ईश्वर’ या शब्दाच्या जागीं ‘सत्य’ हा शब्द घालण्यासही संमति दिली. त्यांच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्यें, तो विवाह तेथेंच झाला. एकेकाळीं जातीबाहेरच्या विवाहाविषयीं गांधी स्वतः साशंक होते. अखेरच्या वर्षांत मात्र वधूवरांपैकीं एक हरिजन असेल तरच आशीर्वाद द्यावयाचा, येथवर ते आले. वडीलधाऱ्या माणसाचें मत बदलूं शकतें, हें आपल्या घरांतील वडील मंडळींनीं अवश्य ध्यानांत ठेवावें.

याचा अर्थ तरुणांनीं मनास येईल तें तत्काळ करावें, असा नव्हे. गांधींचे पुत्र देवदास व राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांनीं विवाहाची इच्छा प्रकट केली, तेव्हां दोन्ही वडिलांनीं नकार दिला नाहीं आणि होकारही दिला नाहीं. पांच वर्षें दूर राहून मन तसेंच टिकतें कां तें पाहा, एवढेंच सांगितलें. मन टिकलें, आणि १९३३ सालीं पुण्यास तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या पौरोहित्यानें विवाह झाला. आजच्या मुलामुलींस पांच वर्षें थांबा म्हणणें जाचक होईल. परंतु नकाराऐवजीं मुदत मागणें, हा वडीलकीचा एक उत्तम उपयोग आहे.

आजच्या मुलामुलींची आळी म्हणजे कॉलेज व कचेरी. वर्ध्यास जन्मलेले व सेवाग्रामच्या नयी तालीमच्या शाळेंत शिकलेले डॉ. अभय बंग आणि चंद्रपूरच्या डॉ. राणी चारी यांची भेट नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत झाली. १९७७ सालीं त्यांचा विवाह झाला आणि पुढें गडचिरोलींत दोघांनीं मिळून आरोग्याचें काम उभें केलें. शिक्षणानें आळी रुंद केली आहे. तींत आपलीं मुलें कोणास भेटतील यावर आतां आपला ताबा नाहीं, आणि तो नसावा हेंच बरें.

मग वडील मंडळींनीं करावयाचें काय? अनुरूपता पाहूं नये असें नाहीं. ती योग्य ठिकाणीं पाहावी. खाणेंपिणें, भाषा, बोलकेपणा, हौसमौज यांतले भेद संसारांत मुरतात. पैसा कशासाठीं मिळवावयाचा, दारीं आलेल्याशीं कसें वागावयाचें, आईबापांप्रत कर्तव्य कोणतें, आणि पत्नीचें काम हें पतीच्या कामाइतकेंच काम आहे कीं नाहीं, यांतले भेद मुरत नाहींत. ते वर्षागणिक वाढतात. मुलगी दाखविण्याच्या कार्यक्रमांत तिला स्वयंपाक येतो कां हें आपण पिढ्यान् पिढ्या विचारीत आलों. यापुढें, तुला आयुष्यांत काय करावयाचें आहे, हा प्रश्न तिला विचारावा, तोच मुलालाही विचारावा, आणि दोघांचीं उत्तरें एकमेकांस ऐकूं द्यावीं. तीं उत्तरें जुळत असतील तर बाकीच्या बाबतींतला भेद पत्करण्यास घरानें तयार असावें. आणि जुळत नसतील तर छत्तीस गुण जमले तरी, घाई न करतां, आणखी कांहीं दिवस थांबावें.