कपॅसिटरवरचा व्होल्टचा आकडा

कोल्हापुरात गणपतीच्या तोंडावर घरीच ॲम्प्लिफायर जोडणाऱ्या हौशी मुलांना एक प्रश्न हमखास पडतो: १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला १६ व्होल्टचा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) चालेल ना?

कपॅसिटर म्हणजे गच्चीवरची टाकी. पाणी थांबून थांबून आले तरी घरातली धार तुटत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. ब्रिज रेक्टिफायरमधून (प्रवाह एकाच दिशेला वळवणारी जोडणी) ती सेकंदाला १०० हिसक्यांनी येते. साठा कमी पडला की तेच हिसके स्पीकरमध्ये घरघरतात. साठा ठरतो मायक्रोफॅरडवर, व्होल्टवर नव्हे.

व्होल्टचा आकडा ही फक्त सहनशक्तीची मर्यादा. ट्रान्सफॉर्मरवरचे १२ व्होल्ट शिखराला १.४१ पट, म्हणजे सुमारे १७ होतात. रेक्टिफायरच्या डायोडमध्ये त्यातले थोडे घटतात खरे, पण भार नसताना ट्रान्सफॉर्मर मुळातच जास्त देतो. म्हणून २५ व्होल्टचाच घ्यावा.

इलेक्ट्रोलिटिक प्रकारात पट्टीकडची तार ऋण असते. उलट जोडल्यास तो फुटू शकतो.